पोपडे निघालेला डेक आणि तीन कोटेशनं

प्रश्न (नाव-गाव गाळून, थोडक्यात) : आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. २०२१ साली घर घेतलं ते मागचा लाकडी डेक, म्हणजे घराला जोडलेला उघडा ओटा, बघूनच. सोळा बाय वीस फुटांचा आहे, तीन बाजूंना कठडा, उतरायला चार पायऱ्या. आधीच्या मालकांनी तो २००२ मध्ये बांधून घेतला होता आणि घर विकायच्या आधी त्यावर जाड तपकिरी रंग मारला होता. आता त्या रंगाचे पोपडे निघताहेत, अनवाणी गेलं की तळपायाला चिकटतात. जूनच्या शेवटी मुलीचा पहिला वाढदिवस आहे. त्यासाठी सासू-सासरे मेअखेर साताऱ्याहून येताहेत आणि चाळीसेक माणसांना डेकवरच बोलवायचा बेत आहे. सासूबाई तर फोनवर म्हणाल्या, "एवढी उन्हाची जागा आहे तर कुरडया-सांडगे तिथेच घालू."

तीन कोटेशनं घेतली. पहिलं ९५० डॉलरचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्याचा नंबर दिला होता. दोन दिवसांत पॉवर वॉश करून (जोराच्या पाण्याने धुऊन) रंग मारून देतो म्हणाला, पैसे रोख. दुसरा २,६०० सांगतो, केमिकलने जुना रंग काढून स्टेन (लाकडात मुरणारं रंगीत द्रव्य) लावणार, आठ-दहा दिवस लागतील. तिसरा ४,३००, सगळा डेक मशीनने घासून दोन हात, "मग पाच वर्षं बघायला नको." नवरा म्हणतो, एवढ्यात भारताची दोन तिकिटं येतात, सँडर (लाकूड घासायचं मशीन) भाड्याने आणून दोन वीकेंडमध्ये मीच करतो, ऑफिसात सगळे स्वतःच करतात. मला वाटतं, घरात लहान बाळ असताना हे अंगावर घेऊ नये. यावरून रोज कुरबुर चालली आहे. काम कुणाला द्यावं? आणि रंग द्यावा की स्टेन?

उत्तर : तुमच्या पत्रात डॉलरचे तीन आकडे आहेत आणि सालांचे दोन. विचारलंय तुम्ही डॉलरबद्दल, पण मी अडले ती एका सालापाशी. २००२.

इथे डेकसाठी बहुतेक वेळा पाइनचं लाकूड वापरतात. ते कुजू नये, त्याला वाळवी लागू नये म्हणून कारखान्यात दाब देऊन त्यात औषध मुरवलेलं असतं. कित्येक वर्षं हे औषध म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असायचं. सीसीए या नावाने ते ओळखलं जातं. आर्सेनिक म्हणजे आपल्याकडचा सोमल. तो लाकडाच्या वरच्या थरावर थोडा थोडा येत राहतो, हाताला लागतो, पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या मातीत उतरतो. २००२ मध्ये हे औषध बनवणाऱ्या कंपन्यांनी ईपीएशी, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेशी बोलून घरगुती वापरासाठी ते बंद करायचं मान्य केलं आणि ३१ डिसेंबर २००३ नंतर ते थांबलं. दुकानांतला जुना माल संपेपर्यंत आणखी काही महिने गेले. तुमचा डेक उभा राहिला तेव्हा बाजारात मिळणारं औषध मुरवलेलं लाकूड बहुतांशी याच प्रकारचं होतं. आणि तुमच्या घरात दहा महिन्यांचं, रांगणारं, दिसेल ते तोंडात घालणारं बाळ आहे.

घाबरून जाऊ नका. असे डेक पाडून टाका असं ईपीएने कधी सांगितलेलं नाही, आणि अशा डेकवर मुलं खेळत मोठी झाली आहेत. पण काय करू नये हे मात्र स्पष्ट सांगितलं आहे : हे लाकूड मशीनने घासू नये, जोराच्या पाण्याने धुऊ नये, जाळू तर अजिबात नये. डेक उजळवणारी तीव्र केमिकल्सही टाळावीत, कारण त्यांच्यामुळे लाकडात बसलेली विषारी द्रव्यं सुटी होऊ शकतात.

आता तुमच्यापुढचे चार पर्याय पुन्हा बघा. पहिला माणूस पॉवर वॉश करणार, दुसरा केमिकलने रंग उतरवणार, तिसरा मशीनने घासणार, आणि तुमचे यजमान सँडर भाड्याने आणणार. लाकूड सीसीएचं निघालं तर चारही जण नेमकं तेच करणार आहेत जे करू नये. "कुणाला द्यावं" हा प्रश्न म्हणूनच मी जरा बाजूला ठेवते. आधी "काय आहे" हे कळू दे.

ते शोधायला फार पैसे लागत नाहीत. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन डेकच्या खाली जा. फळ्यांच्या खालच्या बाजूला आणि आडव्या तुळयांवर रंग सहसा पोचलेला नसतो, तिथे कारखान्याचा शाईचा शिक्का दिसतो का पाहा. फळीच्या टोकाला पिनने ठोकलेली प्लॅस्टिकची चिठ्ठीही कधी कधी शिल्लक असते. त्यावर औषधाचं नाव असतं. काहीच सापडलं नाही तर लाकडाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून आर्सेनिकची चाचणी करून घेता येते. काउंटीच्या आरोग्य खात्यात फोन करून प्रयोगशाळेचं नाव विचारा. दुसरं, तुमच्या टाउनशिपच्या बांधकाम कार्यालयात डेकच्या परमिटची नोंद मागा. न्यू जर्सीत ओप्रा कायद्याखाली (सरकारी नोंदी नागरिकांना खुल्या करणारा कायदा) अर्ज केला की अशी जुनी कागदपत्रं बघायला मिळतात. त्यातून साल नक्की होईल, आणि डेक परवानगी घेऊन, तपासणी होऊन बांधला होता की नाही हेही कळेल. हे दुसरं कळणं कमी महत्त्वाचं नाही.

खाली गेलाच आहात तर आणखी एक गोष्ट बघून या. डेक घराच्या भिंतीला ज्या लांब फळीने जोडलेला असतो, ती फळी जाड बोल्टने आवळलेली आहे की नुसत्या खिळ्यांवर लटकली आहे? चाळीस माणसं एकदम उभी राहिल्यावर डेक कोसळतात ते बरेचदा तिथून सुटून. त्या फळीला, खांबांच्या बुडाला आणि पायऱ्यांच्या खाली स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चांगल्या लाकडात ते शिरत नाही. कुजलेल्यात लोण्यात शिरल्यासारखं जातं. कठडा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. बावीसपेक्षा जास्त हिवाळे खाल्लेल्या डेकला रंगाआधी ही तपासणी हवी. शंका आली तर रंगाऱ्याला नको, सुताराला किंवा घरांची तपासणी करणाऱ्या इन्स्पेक्टरला बोलवा. जमलं तर पाहुणे यायच्या आत.

समजा, लाकूड सीसीएचंच निघालं. मग दोन रस्ते उरतात. एक, सुटे झालेले पोपडे तेवढे हाताने, लाकूड ओलं ठेवून, खाली प्लॅस्टिक अंथरून खरवडायचे, पिशवीत भरायचे, साबणाच्या पाण्याने आणि साध्या ब्रशने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि वर पुन्हा आवरण द्यायचं. हे स्वस्त पडतं, पण तुमच्या डेकवर आधीच जाड रंगाचा थर आहे. तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा सुटणार आणि दर वेळी तेच पोपडे, त्यांना चिकटलेल्या लाकडाच्या रेषांसकट, बाळाच्या हाताखाली येणार. दुसरा रस्ता, खालचा सांगाडा धड असेल तर वरच्या फळ्या, पायऱ्या आणि कठडा एवढंच बदलून घ्यायचं. पाय आणि हात लागतात ते याच भागांना. खर्च तुमच्या तिसऱ्या कोटेशनच्याही वर जाईल, ते मी लपवत नाही. तरी तुमच्या जागी मी असते, घरात रांगतं मूल असतं, तर मी हेच केलं असतं. डेक रंगवायला ठेवलेले पैसे मी या कामाकडे वळवले असते आणि उरलेल्यासाठी वर्षभर थांबले असते. परमिट लागेल का ते टाउनशिपला विचारा. काढलेल्या फळ्या कुठे टाकायच्या तेही तिथेच विचारा. त्या अंगणातल्या शेकोटीत घालू नका आणि भाजीच्या वाफ्याच्या कडा म्हणून वापरू नका. ज्या कारागिरांकडून फळ्या कापून घ्याल त्यांना आधी सांगा की हे लाकूड कोणतं आहे. तो भुसा त्यांच्या छातीत जाणार आहे, त्यांना ते माहीत असायला हवं.

नव्या फळ्या आल्या की मात्र रंगाची घाई करू नका. कारखान्यातून आलेलं हे लाकूड आतून ओलं असतं. त्यावर लगेच काही लावलं तर ते आत शिरत नाही. पाण्याचे चार थेंब फळीवर टाका. ते मण्यांसारखे तसेच बसून राहिले तर लाकूड अजून तयार नाही. काही मिनिटांत जिरले तर तयार आहे. याला काही आठवडे लागतील, काही महिनेही लागतील. म्हणजे वाढदिवसाला डेक कोरा असेल. असू दे. नव्या फळ्यांचा कोरा डेक छान दिसतो. आता वापरात असलेल्या औषधांत मुख्यतः तांबं असतं, आर्सेनिक नसतं. सप्टेंबरात ऊन उतरलं की स्टेन लावा.

आता समजा चाचणीत आर्सेनिक आढळलं नाही. डेक सीडरचा, म्हणजे सहसा औषध न मुरवता वापरतात त्या लाकडाचा निघाला, किंवा परमिट बघितल्यावर कळलं की तो २००२ नव्हे, २००६चा आहे. मग तुमचा मूळ प्रश्न जिवंत होतो, रंग की स्टेन. इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगावीशी वाटते.

आम्ही आमचा पहिला डेक रंगवून घेतला तेव्हा मलाही वाटायचं की जितका जाड थर तितकं लाकूड सुरक्षित. आलेल्या माणसाने शुक्रवारी पॉवर वॉश केला आणि शनिवारी सकाळी रंग लावला. संध्याकाळी डेक दिवाणखान्यातल्या फर्निचरसारखा दिसत होता. तिसऱ्या वसंतात मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून एक पोपडा उचलला. भाकरीएवढा अख्खा तुकडा हातात आला. खालचं लाकूड काळं पडलेलं होतं आणि ओलं होतं. पाऊस होऊन चार दिवस झाले होते. अंगठा दाबला तर पाणी वर आलं. शेजारच्या फळ्यांवर पाण्याच्या नळीचे नागमोडी पट्टे उमटलेले होते, तिथे लाकडाचे रेषे काथ्यासारखे उभे राहिले होते, आणि माझ्या मुलाच्या पायात गेलेलं कुसळ तिथलंच होतं.

रंग लाकडाच्या वर बसतो. भिंतीच्या उभ्या लाकडावर ते चालतं, पाणी ओघळून जातं. डेक आडवा असतो. त्याच्यावर पाणी साचतं, बर्फ आठवडे आठवडे पडून राहतं, आणि पाणी फक्त वरून येत नाही. ते फळ्यांच्या कापलेल्या टोकांतून शिरतं, खिळ्यांच्या भोकांतून शिरतं, खालच्या ओल्या मातीतून वाफेने वर चढतं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, कारण वर रंगाचं झाकण असतं. लाकूड फुगतं, आकसतं, हिवाळ्यात आतलं पाणी गोठतं, आणि रंग सुटतो. स्टेन लाकडात मुरतो. तो पाण्याला अडवतो, पण लाकडाचा श्वास कोंडत नाही. जुना झाला की त्याचे पोपडे निघत नाहीत, फिका पडतो. आणि फिका पडला की धुऊन पुन्हा लावता येतो, खरवडावं लागत नाही.

स्टेनमध्येही फरक आहे. अगदी पारदर्शक स्टेन उन्हापासून फारसं वाचवत नाही. ऊन लाकडातला लिग्निन, म्हणजे रेषे एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ खातं आणि लाकूड राखाडी पडतं. ऊन अडवायला रंगद्रव्य लागतं. म्हणून चालायच्या फळ्यांवर मी सेमी-ट्रान्स्परंट सुचवेन, लाकडाची नस दिसते आणि थोडी सावलीही मिळते. सॉलिड स्टेन दिसायला रंगासारखा आणि वागायलाही बराचसा रंगासारखा, त्याचाही थर बनतो आणि तोही सुटतो. पण तुमच्यासारख्या आधीच रंगवलेल्या डेकवर जुना रंग पूर्ण निघाला नाही तर सेमी-ट्रान्स्परंट लावून उपयोग नाही, तो मुरणार कुठे? मग सॉलिडच लावावा लागतो. कठड्याला सॉलिड आणि चालायच्या फळ्यांना सेमी-ट्रान्स्परंट असं मिश्रण बरेच चांगले कारागीर करतात आणि ते छान दिसतं.

"पाच वर्षं बघायला नको" या वाक्यावर थोडं थांबते, कारण अनेक वाचक त्याच वाक्यावर सही करतात. उभ्या कठड्यावर पाच वर्षं टिकेलही. पावलं, बर्फ आणि उभं ऊन सोसणाऱ्या फळ्यांवर सेमी-ट्रान्स्परंट स्टेन दोन-तीन वर्षं टिकला तर काम चांगलं झालं म्हणायचं. आमच्या कोकणातल्या घरी ओटीच्या लाकडी कठड्याला बाबा दर मे महिन्यात तेल लावायचे. एक वाटी, एक जुन्या धोतराचा बोळा, आणि पाऊस लागायच्या आत सगळा कठडा. त्याला आम्ही तेलपाणी म्हणायचो. गेल्या वर्षी लावलं होतं मग यंदा कशाला, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. डेककडे मी हल्ली तसंच बघते. त्यामुळे कोटेशन वाचताना "किती वर्षं टिकेल" यापेक्षा "दोन वर्षांनी पुन्हा लावायला किती त्रास पडेल" हे विचारलेलं बरं.

आता ती तीन कोटेशनं. तिन्हींतला फरक रंगाच्या डब्यात नाही. एवढ्या डेकला लागणारा चांगला स्टेन काही शे डॉलरांत येतो. बाकी सगळे पैसे दिवसांचे आहेत. पाणी लागलेलं लाकूड उन्हाच्या दिवसांतही दोन दिवस वाळावं लागतं, ढग असले तर जास्त. "दोन दिवसांत करून देतो" याचा अर्थ तो ओल्या लाकडावर रंग लावणार. माझ्याकडे झालं तसंच. आणि तुमचा कठडा मोजा. सोळा, वीस आणि सोळा मिळून बावन्न फूट. मूल अडकू नये म्हणून उभ्या दांड्यांमधली फट चार इंचांच्या आत ठेवायचा नियम आहे. म्हणजे शंभराहून जास्त दांड्या, प्रत्येकीला चार बाजू. चारशेच्या वर बाजू ब्रशने करायला एका माणसाचे दोन पूर्ण दिवस सहज जातात. ज्या कोटेशनमध्ये "डेक" एवढंच लिहिलंय, त्यात कठडा आणि पायऱ्यांच्या उभ्या बाजू धरल्या आहेत का ते विचारा. वाद बहुतेक तिथेच होतात.

दुसऱ्या, २,६००च्या माणसाची पद्धत, आर्सेनिक नसेल तर, मला सगळ्यात समजूतदार वाटते. त्याला फोन करून काही प्रश्न विचारा, आणि उत्तरापेक्षा तो उत्तर कसं देतो तिकडे लक्ष द्या. जुना रंग उतरवल्यावर लाकडावरचा क्षार मारायला काय वापरता? चांगला माणूस आम्लाचं पाणी, ब्राइटनर, असं काहीतरी सांगेल, कारण रंग उतरवणारं औषध तीव्र क्षारयुक्त असतं आणि ते तसंच राहिलं तर स्टेन नीट धरत नाही. पाण्याचा दाब किती? पाइनसारख्या मऊ लाकडाला पाचशे ते बाराशे पीएसआय पुष्कळ झाला, तोही पंख्यासारखा पसरणाऱ्या तोंडाने. "पूर्ण जोर लावतो, सगळं साफ होतं" असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा. वाळलं हे कसं ठरवता? ओलावा मोजायचं छोटं यंत्र असतं, साधारण पंधरा टक्क्यांच्या खाली आल्यावर लावतात. स्प्रे मारता की ब्रश? स्प्रे चालतो, पण लगेच मागून ब्रश फिरवायला हवा, नाहीतर स्टेन वरच्यावर बसतो. कडेची झाडं कशाने झाकता? पाऊस आला तर? हे प्रश्न विचारताना संकोच वाटू देऊ नका. मन लावून काम करणाऱ्याला असे प्रश्न आवडतात, मी हे अनेकदा पाहिलं आहे.

तिसऱ्याची बाजूही सांगते. मशीनने घासणं वाईट नसतं, आर्सेनिक नसेल तर रेषे उठलेला डेक त्याने फार सुरेख होतो. पण साठ ते ऐंशी नंबरच्या कागदाने घासायला हवं. त्याहून गुळगुळीत केलं तर लाकडाची छिद्रं मिटतात आणि स्टेन आत जात नाही. आणि "दोन हात" हे मुरणाऱ्या स्टेनला नेहमीच चांगलं नसतं. लाकूड पिईल तेवढाच लावायचा, जास्तीचा पुसून काढायचा. नाहीतर वर चिकट, चकाकणारे डाग राहतात आणि त्यावर न्यू जर्सीतला मे महिन्यातला पिवळा परागकणांचा थर बसतो तो निघता निघत नाही.

ग्रुपवरच्या माणसाला मी वाईट म्हणत नाही. तो कष्टाळू असेल, त्याचं पोट या कामावर असेल. पण न्यू जर्सीत घराची रंगरंगोटी करणाऱ्या कंत्राटदाराची राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडे नोंदणी असावी लागते, तिचा क्रमांक "१३व्हीएच" या अक्षरांनी सुरू होतो आणि तो विभागाच्या साइटवर तपासता येतो. नोंदणीसाठी किमान पाच लाख डॉलरचा दायित्व विमा लागतो. पाचशे डॉलरवरच्या कामाला लेखी करार बंधनकारक आहे, आणि कराराची प्रत मिळाल्यापासून तिसऱ्या कामकाजी दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तुम्ही तो रद्द करू शकता. रोखीच्या, तोंडी कामात यातलं काही हाताशी राहत नाही. उद्या त्याचा मदतनीस ओल्या पायरीवरून घसरून हात मोडून बसला, तर त्याच्या औषधपाण्याचं काय, हा प्रश्न तुमच्या दारात येईल. आणि त्याच्याकडे त्याचं उत्तर नसेल, ही मला जास्त काळजीची गोष्ट वाटते. विम्याचं प्रमाणपत्र कंत्राटदाराच्या फोनवर बघू नका. विमा कंपनीकडून तुमच्या नावे मागवा. कामगारांचा विमा वेगळा असतो, तोही विचारा.

आगाऊ किती द्यायचे हे अनेक जण विचारतात. कॅलिफोर्नियात कायदाच आहे, कामाच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांत जे कमी असेल त्याहून जास्त आगाऊ मागता येत नाही. मेरीलँडमध्ये एकतृतीयांशाची मर्यादा आहे. तुमच्याकडे मी एकतृतीयांशाच्या पुढे जाऊ नका म्हणेन. उरलेले दोन भागांत, पैकी शेवटचा भाग स्टेन वाळून, दिवसाउजेडी सगळा डेक फिरून बघितल्यावर. करारात स्टेनचं कंपनीसकट नाव आणि शेड लिहून घ्या. एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालक संघटना असेल तर शेड आधी त्यांच्याकडून मंजूर करून घ्या. आणि काम संपल्यावर उरलेला डबा मागून ठेवा, दोन वर्षांनी तोच क्रमांक लागतो.

तुमच्या यजमानांबद्दल. त्यांच्या ऑफिसातले लोक स्वतः करतात हे खरं असेल, पण त्यांचे डेक कोणत्या साली बांधलेले आहेत? त्यांच्यावर आधीचा जाड रंग होता का? नव्या किंवा स्वच्छ डेकवर स्टेन लावणं हे घरच्या माणसाचं काम आहे, त्यात मजाही येते. कुणीतरी फासून ठेवलेला थर उतरवणं हे वेगळंच काम आहे. मला वाटतं, तुमच्या भांडणात तो "पैसे वाचवणारा" आणि तुम्ही "माणूस लावू म्हणणारी" अशा बाजू ठरून गेल्या आहेत, आणि डेककडे दोघांनी मिळून बघितलेलंच नाही. टॉर्च घेऊन खाली दोघं जा. यंदाचं अवघड काम जाणकाराकडून करून घ्या आणि पुढच्या वर्षांचं तेलपाणी त्यांच्याकडे द्या. दर वसंतात मऊ ब्रश आणि साबण, फळ्यांच्या फटीत अडकलेली पानं काढणं, कुंड्यांखाली पाय लावणं (तुळशीच्या कुंडीखाली डेक सगळ्यात आधी कुजतो), दोन-तीन वर्षांनी एक हात स्टेन. त्यात पैसेही वाचतील आणि त्यांचा हात त्या लाकडावरून फिरेल.

त्यांनी कधीही तेलाचा स्टेन वापरला तर एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. स्टेन पुसलेल्या चिंध्या चुरगाळून गॅरेजमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि अशा बोळ्यांना आपोआप आग लागते, काडीसुद्धा लागत नाही. त्या मोकळ्या हवेत एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवायच्या, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालायच्या. माणूस लावलात तरी संध्याकाळी तो निघताना चिंध्या कुठे टाकल्या हे विचारा.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. सिअ‍ॅटलच्या बाजूला सीडरच्या डेकवर शेवाळ ही मोठी अडचण असते, तिथे उन्हाळ्यातले कोरडे दिवस पकडावे लागतात. टेक्सासमध्ये भर उन्हात तापलेल्या फळीवर स्टेन मुरायच्या आधीच वाळतो, सकाळी सावली असलेल्या बाजूने सुरुवात करा. स्टेनच्या डब्यावर तापमान लिहिलेलं असतं, साधारण पन्नास ते नव्वद फॅरनहाइट, आणि रात्रीचं दवही त्यात मोजायचं असतं. घर १९७८च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तिथे खरवडण्याआधी तीही चाचणी हवी.

राहिला वाढदिवस. चाचणीचा निकाल येईपर्यंत बाळाला डेकवर रांगू देऊ नका. जाड चटई किंवा बाहेरचा गालिचा अंथरून कडेवरून न्या, आत आल्यावर हात धुवा. डेकला लागून मेथी-कोथिंबीर लावली असेल तर यंदा ती तिथली खाऊ नका, वाफा लांब हलवा. चाळीस माणसांना गवतावर बोलवा, भाड्याने एक मंडप आणा. जूनच्या संध्याकाळी तिथेच बरं वाटतं. सासूबाईंना कुरडया घालायच्याच असतील तर घालू द्या, पण फळ्यांवर कापड पसरून नव्हे. दोन घडीची टेबलं ड्राइव्हवेवर मांडा, वर स्वच्छ प्लॅस्टिक घाला. ऊन तिथे डेकपेक्षा कडक असतं, कुरडया एका दिवसात उलटायला येतील. आणि प्रयोगशाळेचा कागद हाती आला की मला कळवा. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी पुढच्या कोटेशनमध्ये काय काय लिहून घ्यायचं ते आपण बघू.